पहिली धार

शनिवार, २२ उर्दीबहिश्त
काशान, इस्पितळ, दुसरा मजला

महरुख बाळ,

सहा वर्षांत पहिल्यांदा तुला लिहितो आहे, आणि कागद मिळाला तो औषधाच्या दुकानातला, एका बाजूने छापलेला. तुझी मावसबहीण परवाने समोरच्या बाकावर बसली आहे. म्हणते, "मास्तर मावसा, तुम्ही लिहा. मी पानांचे फोटो काढून तिला स्वीडनला पाठवते. वाचायचं की नाही ते तिचं ती बघेल." चारचौघांत मी तुझ्या थोबाडीत मारली, तू घर सोडलंस, मग इराण सोडलंस, आणि माझा आवाज ऐकायचा नाही असं ठरवलंस. तुझं बरोबरच आहे. निदान कागद बोलत नाही.

तुझ्या भावाची, सियामकची, तब्येत जरा बिघडली आहे. घाबरू नकोस.

यंदा आपल्या कमसर गावात गुलाब उशिरा आले. आले ते मात्र असे, की पहाटे बागेत पाय ठेवला की आपण श्वास घेतोय की पाणी पितोय ते कळू नये. शुक्रवारी सूर्य डोंगरावर यायच्या आत आम्ही दोघं फुलं खुडत होतो. सियामकने कमरेला ओचा बांधला होता. तुझी आई बांधायची तसाच, डाव्या बाजूला गाठ. मी आपला माझ्या नादात. मनात चौथीच्या वर्गाचा आवाज चालू होता, पस्तीस पोरं एका सुरात ओळी म्हणताहेत आणि मी खिडकीतून बाहेर बघतोय. तेवढ्यात तो म्हणाला, "बाबा, आज धुकं फार आहे."

आकाश स्वच्छ होतं, महरुख. पलीकडच्या डोंगरावरच्या बकऱ्या मोजता आल्या असत्या.

मी हसलो. म्हटलं, "धुकं कवींना दिसतं. तुला कधीपासून दिसायला लागलं?" तो हसला नाही. त्याने फुलाकडे हात नेला आणि काटेरी फांदीच मुठीत धरली. मग वाकून ओकला, ओच्यातल्या फुलांवरच. मी त्याला घरात आणून खडीसाखरेचा गरम चहा केला, आपल्याकडे पोटदुखीला देतात तसा. पेला समोर ठेवला. तो म्हणाला, "चहा कुठे ठेवलात?"

आता तो आत आहे. यंत्राने त्याचं रक्त धुताहेत, दोनदा धुऊन झालं. नाकात नळी आहे. डॉक्टरीण तरुण आहे, नूरबख्श नावाची, फार बोलत नाही. कशाने झालं, कुणास ठाऊक. पोटात काहीतरी गेलं असावं. उन्हाळा सुरू होतोच आहे.

परवाने कागद मागते आहे. घाबरू नकोस असं मी वर लिहिलंय ना? लिहिलंय.

बाबा


रविवार, २३ उर्दीबहिश्त

महरुख,

कालच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

परवाने सांगते की तू वाचलंस, उत्तर दिलं नाहीस, पण तिला फोन करून एवढंच विचारलंस, "पोटात काय गेलं, ते बाबांना माहीत आहे का?" ती म्हणाली, त्यांना काय माहीत असणार? तू म्हणालीस, "विचार त्यांना." तिने मला विचारलं. मी उठून नळावर तोंड धुवायला गेलो. आता लिहितो. फोटो काढताना परवानेही वाचेल. वाचू दे.

सियामकला अफू सोडून गुरुवारी एक वर्ष झालं. तुला कळवायला हवं होतं. तू त्याला इथे आणून भरती केलं होतंस, त्यानंतर तो तीनदा सोडून तीनदा पडला. चौथ्यांदा मात्र गावातल्या ज़बीह नानवाईने, म्हणजे संगक रोटीच्या भट्टीवाल्याने, त्याला आपल्या सभेत नेलं. ही माणसं मशिदीमागच्या खोलीत आठवड्यातून चारदा बसतात, आपापलं सांगतात, चहा पितात, आणि वर्ष झालं की वाढदिवस करतात. केक आणतात, एकच मेणबत्ती लावतात. बुधवारी संध्याकाळी सियामकची मेणबत्ती होती. त्याने मला बोलावलं. मी गेलो नाही. अख्खं गाव ओळखतं मला. त्या खोलीत मास्तर बसलेला कोणी पाहिला असता तर?

म्हणून मी घरी वेगळा सोहळा करायचं ठरवलं.

तुला आठवतं, वर्षातून दोनदा, नवरोजला आणि हिवाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या रात्री, मी कपाटातून एक बाटली काढायचो? तुझी आई दारं लावून घ्यायची आणि पुटपुटत राहायची. ती बाटली इस्फहानच्या वार्तानकडून यायची, त्या आर्मेनियन शिंप्याकडून. वार्तान दोन वर्षांपूर्वी वारला. तर मी विचार केला, आपल्या अंगणात तांब्याचा हंडा आहे, वर झाकण आहे, वाफेची नळी आहे, ओढ्याचं थंड पाणी आहे. आपल्या सात पिढ्यांनी याच भांड्यात गुलाबजल काढलं. द्राक्षाचा अर्क काढायला असं काय वेगळं लागणार? गेल्या शरदात द्राक्षं आंबवायला घातली. देठासकट, काड्यांसकट, थोडी सडकीही होती. वसंतात अर्क काढला. कोणाला विचारलं नाही. कोणाला विचारणार?

आणि मी तेच केलं जे आपण गुलाबजलाला करतो. पहिली धार वेगळ्या सुरईत धरली.

बाळ, तुला हे सांगायला नको, पण लिहितो, कारण माझा सगळा गुन्हा तेवढाच आहे. आपल्याकडे पहिली धार विकत नाहीत. ती नवरीच्या ओंजळीत ओततात, हजहून आलेल्यावर शिंपडतात. तू जन्मलीस तेव्हा तुझ्या कपाळाला मी पहिल्या धारेचं बोट लावलं होतं. मग मी तुझ्या भावाला दुसऱ्या धारेचं कसं देणार होतो?

गुरुवारी दुपारी जेवायला तुतीच्या झाडाखाली सतरंजी घातली. मी त्याच्यासमोर सुरई ठेवली. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"बाबा, हे काय?"

"तुझं वर्ष."

"आमच्यात हेही चालत नाही. काहीच चालत नाही."

"अरे, ती अफू. ती गटारातली गोष्ट. हा तर कवितेतला प्याला!"

"बाबा, वर्गात तुम्ही शिकवायचात, कवितेतल्या प्याल्यात दारू नसते म्हणून. म्हणजे देवाची ओढ, असं काहीतरी."

"ते इन्स्पेक्टर आला की," मी म्हटलं. आम्ही दोघं हसलो. किती दिवसांनी हसलो होतो! मग मी म्हणालो, "पहिल्या धारेची आहे. सात महिने तुझ्यासाठी यात घातले. बापाच्या हातची पहिली धार परत करणार आहेस का?"

त्याने पेला पुढे केला. पहिला घोट त्याने माझं मन राखायला घेतला, हे मला तेव्हाच दिसत होतं. त्यापुढचे घोट माझ्यासाठी नव्हते, हेही दिसत होतं. त्याचा हात भराभर चालायला लागला. मी मात्र डोळे मिटून ओळी म्हणत होतो. त्या सुरईतलं सगळं त्याने संपवलं.

मी माझ्यासाठी दुसऱ्या धारेतला अर्धा पेला घेतला होता. मला काही झालं नाही. हे पत्र मी चष्म्याशिवाय लिहितो आहे.

डॉक्टर नूरबख्शला मी हे नंतर सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, काड्या, देठ आंबले की विषारी मद्यार्क तयार होतो. आणि तोच आधी वर येतो. पहिली धार फेकायची असते. ज्याला ज्याला हे काम येतं तो ती फेकतो."

मी म्हणालो, "आम्ही गुलाबवाले."

बाबा


सोमवार, २४ उर्दीबहिश्त

महरुख,

तिसऱ्यांदा रक्त धुतलं. तो मधून मधून शुद्धीवर येतो. डोळे उघडे असतात, पण तुतीच्या फांदीवर बसलेल्या घुबडासारखे, मोठ्ठे आणि माझ्यातून आरपार. नर्सने डोळ्यांपुढून दिवा फिरवला तर पापणी हलली नाही. वर्गात एखादं पोर पाठांतर विसरून अडकलं की मी पुढचा शब्द हळूच सांगायचो. इथे पुढचा शब्द मला माहीत नाही.

परवानेने कालचं पत्र वाचलं. फोटो काढले, पाठवले, डबा ठेवला. जाताना दारात थांबून म्हणाली, "मावसा, तुम्ही शुक्रवारी नऊ वाजता त्याला घेऊन आलात. रक्त धुवायला साडेतीनला सुरुवात झाली. मधले सहा तास काय झालं?"

तू तेच विचारशील. मी तेवढंच सोडून बाकी सगळं लिहायला तयार होतो.

नोंदणीच्या खिडकीत साबेती बसतो. तू त्याला ओळखतेस. तू भरती करायला आलीस तेव्हाही तोच होता. एके काळी माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा, शाई नेहमी बोटांना. मला बघून उभा राहिला. "मास्तर! या, या. आज सणासुदीसारखी गर्दी, बस उलटलीय नतंज़च्या रस्त्यावर. काय झालं?" सियामक माझ्या खांद्यावर होता. मी म्हणालो, "उलट्या होताहेत. दिसत नाही म्हणतो."

साबेतीने संगणकात नाव घातलं. पडद्याकडे बघितलं. मग आवाज खाली आणला, माझी अब्रू सांभाळायला म्हणून. "मास्तर, यांचं नाव आहे इथे. सहा वर्षांपूर्वीचं. अफू. पुन्हा सुरू झालं का?"

मी गप्प.

सियामक म्हणाला, "मी काही घेतलं नाही. वर्ष झालं. बाबांना विचारा."

तो स्वतः सांगू शकला असता. अंगणातल्या हंड्याबद्दल, सुरईबद्दल. सांगितलं असतं तर बापाला पोलिसात दिल्यासारखं झालं असतं, म्हणून त्याने ते माझ्यावर सोडलं. साबेती माझ्याकडे बघत होता. मागे रांग होती. रांगेत कमसरचे दोघं तिघं होते, एक तर माझा विद्यार्थीच. आणि मी, ज्याने एकतीस वर्षं पोरांना उभं करून खरं बोलण्याच्या कविता पाठ करून घेतल्या, त्या मी मान हलवली. हो म्हणून.

साबेती हळहळला. "सगळे असंच म्हणतात, मास्तर. घेतलं नाही, घेतलं नाही. तुम्ही बसा." त्याने लिहिलं, 'अफू, पुन्हा'. मग सियामकला अफूवाल्यांच्या बाजूला नेलं. कुठल्याशा शिकाऊ पोराने एक इंजेक्शन दिलं आणि बसच्या जखमींकडे पळाला. खाटेवर सियामक म्हणत होता, "बाबा, सांगा ना. बाबा, सांगा ना त्यांना." मी त्याच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत होतो. बारा वाजता तो म्हणाला, सगळं पांढरं झालंय, बर्फ पडल्यासारखं. एक वाजता तो बोलायचा थांबला. त्याचा श्वास मोठा आणि भराभर चालायला लागला, चढ चढणाऱ्या गाढवासारखा. मी तसाच बसून होतो. मला वाटत होतं, हे ओसरेल. अर्ध्या तासात ओसरेल आणि कोणाला काही सांगावं लागणार नाही. प्रत्येक अर्ध्या तासाला मला असंच वाटत होतं.

तीन वाजता डॉक्टर नूरबख्श आली. त्याच्या पापण्या वर करून बघितल्या, माझ्याकडे वळली.

"हे कोणी लिहिलंय, अफू? अफूवाल्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. याच्या बघा, केवढ्या आहेत. आजोबा, याने काय घेतलं?"

"मला..."

"मी पोलीस नाही. माझ्याकडे वेळही नाही. तुमच्या मुलाकडे तर माझ्याहून कमी आहे."

मग मी सांगितलं. ती धावत गेली. धावताना तिची एक चप्पल निघाली, ती तिने तिथेच टाकली.

आणि माहीत आहे का, उतारा म्हणून त्याला काय देतात? दारूच. शुद्ध, मोजून, नाकातल्या नळीतून, म्हणजे शरीर तिच्यात गुंतून राहतं आणि विषाला हात लावत नाही. तीन दिवस माझ्या मुलाला इस्पितळात दारू पाजताहेत.

सहा वर्षांपूर्वी त्याच खिडकीपाशी साबेतीने तुला विचारलं होतं, काय घेतलंय? आणि तू पटकन म्हणालीस, अफू, आठ महिन्यांपासून. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. म्हणून मी तुला मारलं होतं. तेव्हा त्याला लगेच योग्य औषध मिळालं, अकरा मिनिटांत. तू मला तेव्हा रडत सांगितलं होतंस, "अकरा मिनिटं, बाबा." मी ऐकलं नव्हतं.

बाबा


गुरुवार, २७ उर्दीबहिश्त

महरुख,

तो वाचेल. डॉक्टर म्हणाली. हे पहिल्या ओळीत लिहायचं ठरवलं होतं, म्हणून लिहिलं. डोळ्यांचं काही सांगत नाही. "थांबा" म्हणते.

काल त्याची नळी काढली. आवाज घोगरा झालाय. पहिलं काय विचारलं, सांगू? मी जवळ होतो, पण त्याने परवानेला विचारलं. "नळीतून जे देत होते, ते काय होतं?" परवाने गडबडली. खरं सांगितलं. तो उशीवर डोकं घासायला लागला. "म्हणजे माझं वर्ष गेलं. माझं वर्ष गेलं, परवाने." डोळे गेले असं तो एकदाही म्हणाला नाही.

आज दुपारी ज़बीह नानवाई आला. हा माणूस तुझ्या लक्षात असेल, दारासारखा रुंद, भुवयांवर नेहमी पीठ. कापडात गुंडाळून चार रोट्या घेऊन आला आणि आल्या आल्या खेकसला, "काय रे, केक पचला नाही होय तुला? दोन दिवसांत लगेच इस्पितळ?" सियामक हसला. सात दिवसांत पहिल्यांदा.

"ज़बीह, नळीतली मोजायची का?"

"नळीतली औषध आहे. ती डॉक्टरच्या खात्यात. तू शुद्धीतही नव्हतास." ज़बीह खुर्चीत बसला, खुर्ची कुरकुरली. "पण गुरुवारची मोजली जाईल. ती तू हाताने उचललीस."

"बाबांनी..."

"बाबांनी ओतली. उचलली कोणी?"

मला वाटलं, या माणसाला बाहेर काढावं. आंधळ्या होत चाललेल्या पोराशी असं बोलतात का? पण सियामकचा चेहरा निवळत गेला. म्हणाला, "मग आज कितवा दिवस?"

"सातवा."

"सातवा," तो म्हणाला, जसं एखादं पोर पहिल्यांदा अंक म्हणतं तसं. आणि झोपला. शांत झोपला, महरुख. मी दिलेली सगळी समजूत त्याला जे देऊ शकली नाही ते या पिठाळ माणसाने एका आकड्यात दिलं.

बाहेर व्हरांड्यात ज़बीहने मला गाठलं. "मास्तर, बुधवारी पहिल्या रांगेत तुमच्यासाठी खुर्ची ठेवली होती. कोणाला बसू दिलं नाही त्याने. दोघं तिघं उभे राहिले."

"मला लाज वाटली, ज़बीह."

"त्याचीच तर सभा आहे ती! लाज वाटणाऱ्यांचीच!" मग आवाज उतरवून म्हणाला, "आमच्यातला प्रत्येक जण सांगतो, पहिला घोट कोणाच्या हातून घेतला. कोणी मित्राचं नाव घेतं, कोणी लष्करातल्या हवालदाराचं. सियामक आता काय सांगणार? मला तीच काळजी आहे."

तो गेला. मी बराच वेळ रोटीचा तुकडा हातात धरून उभा होतो.

इस्पितळातून कळवावं लागतं. म्हणून उद्या परवा पोलीस येईल, असं डॉक्टरने सांगितलं. अंगणातला हंडा मी परवानेला विहिरीत टाकायला सांगणार होतो. लिहून ठेवतो, सांगणार होतो. तिच्या तोंडाकडे बघून सांगितलं नाही.

बाबा


मंगळवार, १ खुर्दाद

महरुख बाळ,

शनिवारी पोलीस आला, हवालदारच, नवीन लग्न झालेला असावा, अंगठीशी सारखा चाळा करत होता. त्याने विचारलं, बाटली कुठून आणली? विकणाऱ्याचं नाव? मी म्हणालो, विकणारा नाही. मी काढली, माझ्या अंगणात, माझ्या हंड्यात. त्याने पेन खाली ठेवलं. "आजोबा, नीट विचार करा. विकत घेतली म्हणालात तर वेगळं कलम. विकणारा मेला म्हणालात तर आणखी सोपं." वार्तानचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. तो मेलेलाच आहे, त्याला काय फरक पडला असता? मी तोंड मिटून घेतलं, आणि मग उघडून पुन्हा तेच सांगितलं. हंडा घेऊन गेले. गुलाबाचा मोसम अर्धा शिल्लक आहे. कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यात, तीरमध्ये आहे. त्र्याहत्तराव्या वर्षी फटके मारतात की दंडावर सोडतात ते मला माहीत नाही. विचारायचं धाडस होत नाही.

मग साबेतीकडे गेलो. म्हणालो, ती ओळ खोडा. 'अफू, पुन्हा'.

"मास्तर, लिहिलेलं खोडता येत नाही. आणि कशाला? कोण वाचतंय?"

"तू वाचलंस ना शुक्रवारी? पुढच्या वेळी दुसरा कोणी वाचेल."

त्याने पडद्यावरची ती नोंद पुन्हा उघडली. मग म्हणाला, "खाली आणखी एक ओळ घालता येईल. पण तुमचं नाव लागेल, ओळखपत्राचा नंबर लागेल." मी नंबर सांगितला. त्याने टंकलं आणि पडदा माझ्याकडे वळवला, शाळेत वही दाखवायचा तसा. लिहिलं होतं: अफू नव्हे, रुग्ण वर्षभर अफूपासून मुक्त, घरी काढलेली विषारी दारू, वडिलांनी दिली, वडिलांनी भरतीवेळी खोटं सांगितलं. मी म्हणालो, बरोबर आहे. साबेती माझ्याकडे बघत नव्हता. रांगेतला कोणीतरी म्हणाला, "आटपा की म्हातारबुवा!"

संध्याकाळी मी सियामकला हे सांगितलं. वाटलं होतं, काहीतरी बोलेल. त्याने चादर हनुवटीपर्यंत ओढली. मग म्हणाला, आवाज न चढवता, "बाबा, त्या अख्ख्या इस्पितळात मी खरं बोलतोय हे ठाऊक असलेला एकच माणूस होता."

मी हो म्हणालो.

"तोच माझ्या कपाळावर रुमाल ठेवत होता."

एवढंच. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. परवानेशी बोलतो, ज़बीहशी बोलतो, नर्सची थट्टासुद्धा करतो. काल परवानेने तुझा फोन त्याच्या कानाला लावला तेव्हा मी बाहेर गेलो होतो. तुम्ही दोघं बावीस मिनिटं बोललात असं तिने सांगितलं. काय बोललात ते मी विचारलं नाही. रोज पाचला मी खाली बागेत जाऊन बसेन, सातपर्यंत वर येणार नाही. त्या वेळात फोन कर. तू माझ्याशी बोलावंस असं मी मागत नाही. त्याच्याशी बोलायचं मात्र सोडू नकोस.

आज सकाळी डोळ्यांचा डॉक्टर आला होता. दिवा फिरवला, बोटं दाखवली, मोजायला लावली. नंतर मला व्हरांड्यात समजावलं. उजवा डोळा गेला. डाव्याच्या मधोमध काही उरलेलं नाही, कडेला थोडं उरलं आहे. म्हणजे, ज्याच्याकडे तो सरळ बघेल ते त्याला दिसणार नाही. एखादी वस्तू बघायची तर त्याला तोंड दुसरीकडे करावं लागेल, मग ती कडेने, डोळ्याच्या कोपऱ्यातून, जराशी दिसेल. "हळूहळू शिकतात," डॉक्टर म्हणाला. "सुरुवातीला घरच्यांना विचित्र वाटतं."

मी आत आलो. खिडकीतून ऊन येत होतं. माझ्या पावलांचा आवाज ऐकून सियामकने तोंड माझ्याकडे केलं, क्षणभर तसंच ठेवलं. मग हळूच मान भिंतीकडे वळवली.

मी अजून इथेच बसलो आहे, महरुख, तासभर झाला. त्याची मान तशीच भिंतीकडे आहे आणि डोळे उघडे आहेत. तो मला टाळतो आहे की बघतो आहे, मला कळत नाही. विचारलं तर उत्तर मिळेल. म्हणून विचारत नाही.

बाबा